फूल शार्प कशाने येतं, आकड्याने की कोनाने?

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या पावसाळ्यात दोन फोटो पाठवले. तिच्या गॅलरीतली लाल जास्वंद, अगदी समोरून, फ्रेम भरून. पहिल्या फोटोत पाकळ्यांच्या शिरा मोजता येतील इतक्या स्वच्छ होत्या, पण फुलाच्या मधून जो लांब दांडा बाहेर येतो, ज्याच्यावर पिवळे पराग असतात आणि टोकाला पाच लाल गोंडे, त्याचा नुसता धूर झाला होता. दुसऱ्या फोटोत दांडा जरासा ओळखू येत होता, पण आता पाकळ्याही मऊ पडल्या होत्या. खाली प्रश्न होता, "मामा, लेन्स बिघडली का रे? पहिला एफ/२.८ ला काढलाय, दुसरा एफ/२२ ला. कुठलाच नीट नाही."

लेन्स माझीच होती, १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, आणि ती ठणठणीत होती. अडचण अशी की जवळून फुलाचे फोटो काढायला लागल्यावर सगळे पहिला प्रश्न विचारतात तो ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या आतल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राचा, ज्याचं माप एफच्या आकड्यात सांगतात, आणि तो पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न आहे, कॅमेरा फुलाकडे कुठून बघतो आहे? हे एकदा पटलं की एफच्या आकड्याचं गणित सोपं होतं.

कॅमेऱ्याच्या समोर हवेत एक उभी काच धरली आहे असं समजा. ही काच कॅमेऱ्याच्या पाठीला, म्हणजे मागच्या स्क्रीनला, कायम समांतर असते. फुलाचा जो भाग या काचेला टेकतो तो शार्प, बाकीचा जितका पुढे-मागे तितका धूसर. फोकस करणं म्हणजे ही काच पुढे-मागे सरकवणं. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे काचेची जाडी. ॲपर्चरचा आकडा फक्त जाडी बदलतो. काच कोणत्या दिशेने उभी राहणार हे तुम्ही कॅमेरा कसा धरता त्यावर ठरतं. भाचीच्या फोटोत काच पाकळ्यांवर होती आणि दांडा तिच्यातून खिळ्यासारखा आरपार, सरळ लेन्सच्या दिशेने आला होता.

आता जाडी बदलते कशी ते बघू. एफचा आकडा हा एक भागाकार आहे. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले आतल्या छिद्राचा व्यास. १०० मिमीच्या लेन्सवर एफ/२.८ म्हणजे साधारण ३६ मिमीचं छिद्र आणि एफ/२२ म्हणजे साडेचार मिमीचं. म्हणून आकडा मोठा की छिद्र लहान. फुलावरच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश या छिद्रातून आत येतो आणि पुन्हा एका टोकाला मिळतो. त्याचा आकार ठाण्याच्या तलावपाळीवर शेंगदाणे देतात त्या कागदाच्या शंकूसारखा असतो. टोक बरोबर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, पडलं तर बिंदूचा बिंदूच उमटतो. टोक जरा पुढे-मागे पडलं तर बिंदूऐवजी छोटी चकती उमटते, आणि अशा चकत्या एकमेकींवर चढल्या की त्याला आपण ब्लर म्हणतो. रुंद तोंडाचा शंकू टोकापासून जरा सरकला की लगेच जाड होतो, अरुंद शंकू बराच वेळ बारीकच राहतो. चष्मा घरी विसरल्यावर बसचा नंबर वाचायला आपण डोळे बारीक करतो ना, तिथे हेच घडतं.

जवळून फोटो काढताना ही काच किती पातळ होते याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून थोडे आकडे देतो. हे फुल-फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, कॅमेऱ्याचे आहेत आणि ०.०३ मिमीपर्यंतची चकती डोळा बिंदू म्हणून माफ करतो, हे रूढ माप धरून काढलेले आहेत. फूल सेन्सरवर मूळ आकाराच्या पाव पट उमटत असेल, म्हणजे साधारण १४ सेंमी रुंद जागा फ्रेममध्ये असेल, तर एफ/८ ला जाडी मिळते साडेनऊ मिमी. अर्ध्या पटीला, म्हणजे ७ सेंमीच्या फ्रेमला, तोच एफ/८ तीन मिमीही देत नाही. आणि एकास एक, म्हणजे खऱ्या मॅक्रोला, एक मिमीसुद्धा पुरी नाही. जवळ जाण्याची किंमत ही अशी झपाट्याने वाढते. फ्रेम अर्धी केली की जाडी साधारण तिसऱ्या हिश्शावर येते. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, त्याच फ्रेमला, त्याच आकड्याला, थोडी जास्त जाडी मिळते, पण फार हुरळून जाण्याइतकी नाही.

भाचीची जास्वंद पाव पटीच्या आसपास होती. एफ/२.८ ला तिच्या हातात होते साडेतीन मिमी. एफ/२२ ला सव्वीस. आणि जास्वंदीचा दांडा सहा-सात सेंमी लांब असतो. म्हणजे लेन्सवरचा शेवटचा आकडा लावूनही तो दांडा आणि पाकळ्या एकाच काचेत बसणारच नव्हत्या. ही तिची चूक नव्हे, जास्वंदीची ती ठेवण आहे.

मी तिला उलट लिहिलं, "बाजूने काढ. कॅमेऱ्याची पाठ दांड्याला समांतर धर." बाजूने बघितलं की तोच सहा सेंमीचा दांडा, त्याचे पराग, ते पाच गोंडे सगळे एका पातळीत येतात. आता जेवढी जाडी हवी ती परागांच्या झुपक्याएवढी, म्हणजे सेंमीभर. एफ/८ किंवा एफ/११ ला काम झालं. समोरच्या कोनातून जे एफ/२२ ला साधलं नाही ते नव्वद अंश फिरल्यावर सहज साधतं.

प्रत्येक फुलाची अशी एक सोयीची पातळी असते आणि ती शोधण्यातच मला या छंदाचा खरा आनंद वाटतो. सदाफुली सोपी, तिचा चेहरा जवळजवळ सपाट, समोरून काढली की एफ/५.६ लाही पाचही पाकळ्या येतात. शिकायला तिच्यासारखं फूल नाही. श्रावणात ठाण्याच्या येऊरच्या जंगलातल्या पायवाटांवर तेरडा गुलाबी होऊन पसरतो, तो मात्र समोरून फसवतो, कारण त्याची मधाची वाकडी नळी पाकळ्यांच्या मागे दडते. बाजूने काढला तर नळी, पाकळी आणि देठ अशी तिन्ही एका काचेत येतात आणि फुलाची ओळखही पटते.

कळलावीवर मी कित्येक रविवार घालवले आहेत. तिच्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळतात आणि सहा पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे चहूबाजूंना पसरतात. बाजूने फोटो काढला की दोन-तीन पुंकेसर काचेत, एखादा तुमच्या अंगावर येणारा, एखादा पलीकडे गेलेला. सहाही हवे असतील तर फुलाच्या खाली जाऊन वर बघायला हवं, कारण ते पुंकेसर साधारण एका आडव्या चक्रात असतात आणि खालून ते चक्र कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर मिळतं. त्यासाठी ओल्या मातीत पाठ टेकावी लागते. मला स्वतःला बाजूचा कोनच आवडतो. तिथे मी सगळ्यात जवळच्या परागकोशावर फोकस करतो आणि ज्वाळा धूसर होऊ देतो. (या वेलीचा कंद फार विषारी असतो. आणि येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं काहीही तोडायचं, उपटायचं नाही. फ्रेममध्ये आडवं येणारं गवतसुद्धा हाताने बाजूला धरावं, उपटू नये.)

फोकस नेमका कुठे करायचा यावर एक जुना नियम सांगितला जातो, की जाडीचा एक तृतीयांश भाग पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो. काही मीटरवरच्या विषयाला तो अधूनमधून लागू पडतो. फुलाच्या इतकं जवळ गेल्यावर जाडी पुढे आणि मागे जवळपास सारखी वाटली जाते. म्हणून सगळ्यात पुढच्या टोकावर फोकस केला तर अर्धी जाडी हवेत वाया जाते. टोकाच्या किंचित आत धरा.

कोन ठरला की मग ॲपर्चर. आणि इथे माझं ठाम मत आहे की जवळच्या फोटोत आकडा फुलाकडे बघून कमी आणि मागच्या पसाऱ्याकडे बघून जास्त ठरवावा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत गॅलरीतल्या फुलामागे काय असतं? समोरच्या इमारतीचे पाइप, ग्रिल, वाळत घातलेले कपडे. येऊरला असतात काटक्या, बांबू आणि पानांतून दिसणारे आकाशाचे पांढरे तुकडे. हे सगळं किती विरघळणार याचं एक सुंदर गणित आहे. खूप दूरवरचा बिंदू फुलाच्या पातळीवर बघितला तर छिद्राच्याच व्यासाची चकती बनून पसरतो. १०० मिमीच्या लेन्सला एफ/८ म्हणजे साडेबारा मिमीचं छिद्र, म्हणजे दूरचा प्रत्येक ठिपका फुलावर साडेबारा मिमीच्या बोटानं पुसल्यासारखा होतो. चार सेंमीच्या फुलामागे हे भरपूर आहे. म्हणून "बॅकग्राउंड ब्लर हवं तर एफ/२.८ लागतंच" हे जवळच्या फोटोत खरं नाही.

खरं महत्त्व आहे मागची वस्तू फुलापासून किती लांब आहे याला. लेन्सपासून फूल ३० सेंमीवर आहे असं धरा. त्याच्या मागे १५ सेंमीवर काटकी असेल तर एफ/८ ला तिला जेमतेम चार मिमीचं पुसणं मिळतं, काटकी काटकीच दिसते. तीच काटकी दीड मीटर मागे असती तर साडेदहा मिमी, आणि ती नाहीशी होते. म्हणजे मागचं झुडूप फुलाला चिकटून असेल तर एफ/४ वर जाऊनही फार फरक पडत नाही, फूल मात्र हातचं जातं. त्यापेक्षा दुसरं फूल शोधा, ज्याच्यामागे मोकळी हवा आहे. कुंडी असेल तर काम आणखी सोपं, कुंडी कठड्यापासून ओढून घ्या, भिंत लांब जाईल. मी येऊरला फूल निवडताना आधी त्याच्यामागे वाकून बघतो आणि मग त्याच्याकडे.

इथेच लेन्सच्या लांबीचा प्रश्न येतो. फूल फ्रेममध्ये सारख्याच आकाराचं ठेवलं तर ५० मिमीची लेन्स आणि १०० मिमीची लेन्स, दोघींची डेप्थ त्याच आकड्याला जवळजवळ सारखीच येते. अनेकांचा यावर विश्वास बसत नाही. फरक पडतो तो मागच्या बाजूला. लांब लेन्स मागचा थोडासाच तुकडा घेते आणि त्याच आकड्याला तिचं छिद्र मोठं असल्याने तो जास्त विरघळवते. शिवाय फुलापासून लांब उभं राहता येतं, सावली पडत नाही, फुलावरचा किडा उडत नाही.

आता भाचीच्या दुसऱ्या फोटोकडे येऊ, ज्यात एफ/२२ ला सगळंच मऊ झालं होतं. प्रकाश फार लहान छिद्रातून गेला की कडांपाशी पसरतो. शाळेत याला विवर्तन म्हणून शिकलो. त्यामुळे काटेकोर फोकसमधला बिंदूही चकतीच उमटवतो, आणि छिद्र जितकं लहान तितकी ती मोठी. जवळून काढताना हे आणखी वाढतं, कारण जवळच्या फोकससाठी लेन्स सेन्सरपासून लांब सरकते आणि आकडा नावापुरता राहतो. खरा आकडा काढायला मॅग्निफिकेशनमध्ये, म्हणजे फूल सेन्सरवर जितक्या पट उमटतं त्यात, एक मिळवायचा आणि त्याने लेन्सवरच्या आकड्याला गुणायचं. पाव पटीला एफ/२२ चा होतो सव्वा पट, साडेसत्तावीस. अर्ध्या पटीला तेहतीस. तिथे हिरव्या प्रकाशाची चकती ०.०४४ मिमी, म्हणजे आपण माफ केलेल्या ०.०३ पेक्षा बरीच मोठी. जाडी वाढली, पण ती सगळी जाडीच धूसर. निकॉनच्या मॅक्रो लेन्सवर जवळ गेलं की कॅमेऱ्यात दिसणारा आकडा आपोआप वाढतो तो यामुळेच, कॅमेरा खरा आकडा दाखवत असतो. मी अर्ध्या पटीला एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही, एकास एकला एफ/८ च्या. एफ/१६ अगदी नाइलाजाने. फुलाचे पराग हे इतके बारीक काम असतं की तिथे हा मऊपणा लगेच कळतो.

लहान छिद्राची दुसरी किंमत प्रकाशाची. एफ/८ वरून एफ/१६ ला गेलं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. १/२०० सेकंदाचं शटर १/५० वर येतं, आणि ऑगस्टमध्ये येऊरच्या झाडाखाली मुळात १/२०० मिळवायलाही आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, बराच चढवावा लागतो. त्यात वारा. वाऱ्यावर फूल डावीकडे-उजवीकडे हललं की आपल्याला दिसतं, पण ते पुढे-मागेही हलतं, आणि तीन मिमीच्या काचेतून ते कधी बाहेर गेलं ते कळतच नाही. पुष्कळ फोटो ॲपर्चर चुकल्यामुळे नाही, या झुलण्यामुळे जातात. माझा उपाय साधा आहे. जवळच मातीत एक काडी रोवायची आणि कपड्यांच्या चिमट्याने फुलाचा देठ तिला हलकेच टेकवून धरायचा, देठ चिरडणार नाही इतपतच. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर. फोकसची रिंग एकदा लावून सोडून द्यायची आणि अंग अगदी किंचित पुढे-मागे झुलवत सलग पाच-सहा फोटो घ्यायचे, त्यातल्या एकात काच नेमक्या जागी असते. खाडीकाठी हे फार अवघड होतं. ऐरोलीच्या बाजूला कांदळवनात मारांडीची निळसर जांभळी फुलं असतात, एकच रुंद पाकळी आणि घशाशी दाटीने उभे केसाळ पुंकेसर. तिथे खाडीचा वारा थांबतच नाही. मी एफ/५.६ वर येतो, शटरचा वेग वाढवतो, पुंकेसरांवर फोकस धरतो आणि पाकळीचा नाद सोडतो.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते नेहमी सगळ्यात उघड्या छिद्राचं चित्र असतं, छिद्र मिटतं ते फक्त फोटो काढण्याच्या क्षणी. म्हणून मागची काटकी डोळ्याला दिसली नव्हती आणि फोटोत आली, असं होतं. छिद्र आधीच मिटवून दाखवणारं डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण असेल तर ते दाबून बघा.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. बहुतेक फोनांत ॲपर्चर बदलताच येत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसणारा एफचा आकडा हिशोबाने केलेला ब्लर आहे आणि तो पुंकेसराच्या बारीक तंतूंवर हमखास चुकतो, अर्धा तंतू गायब होतो. मॅक्रो मोड बऱ्याच फोनांत अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर चालतो, त्यामुळे फोन फुलाला जवळजवळ चिकटवावा लागतो आणि त्याची सावली पडते. त्यापेक्षा दोन-तीन पट झूमवर थोडं मागून काढा. कोनाचा नियम मात्र फोनलाही तसाच लागू.

आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा एकदा स्वतः बघावं. टेबलावर फूटपट्टी पंचेचाळीस अंशात तिरकी टेकवा, १५ च्या खुणेवर फोकस करा आणि एफ/४, ८, १६, २२ असे चार फोटो काढा. किती खुणा वाचता येतात ते मोजा, पट्टीवरचे दहा मिमी म्हणजे सात मिमी खोली. एफ/२२ च्या फोटोतली १५ ची खूण एफ/८ च्या फोटोशेजारी ठेवून मोठी करून बघा, विवर्तन म्हणजे काय ते तिथे दिसेल. पट्टी झाली की ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून मूठभर शेवंती आणि एखादा झेंडू आणा. घरात वारा नाही, पंखा बंद केला की फूल तासभर हलत नाही. समोरून जास्वंद संपूर्ण शार्प हवीच असेल तर तेही घरातच शक्य आहे. एफ/५.६ ला फोकस पाच-पाच मिमी सरकवत बारा-पंधरा फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. मला त्या फोटोंत फूल जरा कापडी वाटतं, पण वनस्पती ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग मोठा आहे.

भाचीने दोन दिवसांनी तिसरा फोटो पाठवला. बाजूने, एफ/८, कुंडी गॅलरीच्या मध्यावर ओढलेली. दांड्यावरचे पराग एकेक वेगळे दिसत होते आणि समोरच्या इमारतीचे पाइप करड्या रंगाच्या पट्ट्यात मिसळून गेले होते. "पण मामा, पुढच्या पाकळीची कडा ब्लर आलीय. एफ/१६ ने परत काढू?" मी नको म्हटलं. ती लाल धूसर कडा पुढे होती म्हणूनच दांडा फुलाच्या आतून बाहेर येताना दिसत होता.